गोलाईच्या सोळा मात्रा

मास्तरांच्या सगळ्यांत गाजलेल्या धुनेत मधोमध ज्या सोळा मात्रा वाजतात, त्या मास्तरांच्या नाहीत. त्या माझ्या आहेत, त्यातही चुकलेल्या आहेत, आणि मीच त्या स्वतःच्या हातानं, खाली तांबड्या शाईची रेघ मारून, वहीत लिहून ठेवल्या आहेत. लातूरपासून नांदेडपर्यंत ज्यांच्या लग्नात बँड वाजला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी माझी ही चूक ऐकली आहे. काहींनी तिच्यावर नाचूनही घेतलं आहे.

मास्तर म्हणजे बँडमास्तर. लातुरात गंजगोलाईच्या, म्हणजे गावाच्या मधल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना लाल कोट आणि कोटांच्या खाली पितळी वाद्यं. माणूस मूळचा देगलूरकडचा. गावात दुसऱ्यांच्या दारापुढं वाजवण्याचं काम त्यांच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या होतं. छप्पन साली घरानं बुद्धाचा धम्म घेतला आणि मास्तरांच्या वडिलांनी घरातली हलगी उचलून आडात टाकली. आता पुन्हा कुणाच्या दारापुढं हात वाजणार नाही, म्हणाले. आणि नेमकं त्याच वर्षी ह्या तरण्या लेकानं सांगितलं, मला वाजवायचंय. बाप वर्षभर बोलला नाही.

लेक हैदराबादेला गेला. एका बड्या हॉटेलात पेले धुवायला लागला. हॉटेलच्या दिवाणखान्यात साहेबलोक नाचायचे आणि त्यांच्यासाठी गोव्याकडचा एक म्हातारा सॅक्सोफोन वाजवायचा. त्या म्हाताऱ्यानं ह्यांना जाझ शिकवलं, बदल्यात ह्यांनी त्याचं काय काय केलं ते मास्तर कधी धड सांगायचे नाहीत. काही वर्षांनी घोंगडीत सॅक्सोफोन गुंडाळून गावी परत आले. वडिलांना म्हणाले, "ह्ये कुणाच्या दारापुढं बसून वाजवायचं न्हाई. ह्ये पुढं चालत वाजवायचं, आन् लोकांनी मागं यायचं."

बँड काढल्यावरही त्यांनी ते पाळलं. वऱ्हाडाच्या पंगतीत बँडवाल्यांची पानं मांडली नाहीत, तर वाद्यं पेटीत परत जायची. दोन-तीन गावांत गेलीही. मग गावं शहाणी झाली. मराठवाड्यात जाझ आणणारे ते पहिले, असं त्यांची मुलगी म्हणते. मी छातीठोकपणे काही सांगत नाही. मी छातीठोकपणे केलेल्या गोष्टींचं काय होतं ते पुढं येईलच.

मी मुरुडचा. घरी शेती, बैलजोडी, भावकीत नाव. कॉलेजसाठी लातूरला खोली करून राहिलो. भजनी मंडळातल्या पेटीवर बोटं फिरलेली, सारेगम लिहिता-वाचता यायचं, तेवढ्या जोरावर मास्तरांच्या दुकानात शिरलो आणि क्लॅरनेट घेऊन बाहेर पडलो. घरी सांगितलं, शिकवणी लावलीय. ते तसं खोटं नव्हतं.

बँडमध्ये आम्ही बारा जण. साइड ड्रमवर एक चाचा होते, गोलाईतल्याच कापडगल्लीचे. त्यांची जीभ काड्यांपेक्षा जोरात चालायची. माझ्या पहिल्या दिवशी माझी फूक ऐकून त्यांनी मास्तरांना विचारलं होतं, "उस्ताद, ये बजा रा है या चूल्हा फूँक रा है?"

आता त्या धुनेबद्दल. मास्तरांनी स्वतः बांधलेल्या वीसेक धुना होत्या, पण वरात मांडवाजवळ आली की ही वाजायची. सुरुवातीला सगळे मिळून. मग मध्ये सगळी वाद्यं थांबायची, फक्त चाचांचा ड्रम चालू राहायचा, आणि सोळा मात्रा मास्तर एकटे वाजवायचे. कधीकधी सॅक्सोफोनचं तोंड दुसऱ्या कुणाकडं वळवायचे; म्हणजे ह्या खेपेला त्यानं वाजवायचं. ह्या जागेला मास्तरांनी नाव दिलं होतं गोलाई.

"गोलाईतून रस्ते किती निघत्यात?" मला विचारलं एकदा.

"सोळा."

"कुठल्याबी रस्त्यानं बाहेर पड. हनुमानाकडं जा, भुसार लाइनीत जा, वाटंत च्या पी. पन सोळा झाले की परत गोलाईत हजर पायजे. कळलं का?"

"कळलं," म्हणालो. काही कळलं नव्हतं. मला उलट वेगळीच शंका येत होती. ह्या सोळा मात्रा मास्तर प्रत्येक लग्नात निराळ्या वाजवायचे. मी पाठांतराच्या जिवावर मॅट्रिक झालेला माणूस. माझी अशी पक्की समजूत झाली की मास्तरांना स्वतःचीच धून पाठ नाही. मोठा माणूस, कसं सांगणार! मी समजून घेतलं.

मग औशाचं लग्न आलं. भर दुपारी वरात किल्ल्याकडून बाजारात आली, धून सुरू झाली आणि गोलाईच्या तोंडाशी मास्तरांनी सॅक्सोफोन वळवला तो थेट माझ्याकडं. त्याच क्षणी मला वऱ्हाडात माझे थोरले काका दिसले. पांढरा फेटा, हातात पानाचा विडा, तोंड उघडं. पुतण्या शिकवणीला आहे हे त्यांनीच गावभर सांगितलेलं. पुतण्या लाल कोटात, खांद्यावर सोनेरी झालर.

माझं डोकं पार कोरं झालं. चाचांचा ड्रम चालूच. काहीतरी वाजवणं भाग होतं. आणि भीतीनं माणूस जिथवर मागं पळू शकतो तिथवर मी पळालो, म्हणजे मुरुडच्या शाळेतल्या पहिलीच्या वर्गात. तिथं आम्ही मांडी घालून, पुढं-मागं डुलत, ज्या चालीत पाढे म्हणायचो, ती चाल माझ्या क्लॅरनेटमधून बाहेर पडली. बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. बे चोक आठ. चार चोक सोळा मात्रा झाल्या बरोब्बर. शेवटच्या आठाला काका पुढं सरकले, माझा ओठ घसरला आणि वाद्यानं अशी एक चिरकी मारली की नवरदेवाची घोडी उधळता उधळता राहिली.

काकांनी वडिलांना सांगितलं. वडील लातूरला आले. ते सगळं इथं सांगत नाही. बँड सुटला. पुढं तहसिलीत कारकून म्हणून चिकटलो, पण दर रविवारी मास्तरांच्या दुकानात चहाला जायचो. मास्तर औशाबद्दल एकदाच बोलले. "सोळाला परत आलास की. आनखी काय पायजे?" मला वाटलं, थट्टा करतात.

पुढं मास्तरांना दमा लागला. फूक संपली. तेव्हा मला बोलावून म्हणाले, "तुला लिवता येतं. माज्या धुना उतरून घे." ते शीळ घालायचे, मी सारेगम लिहायचो. बरेच रविवार गेले. ही धून आली. अर्धी झाली, आणि गोलाईच्या जागी मास्तर थांबले.

"इथं एक गोल काढ. मोकळा ठेव."

मी पेन्सिलीनं गोल काढला. मास्तरांनी पुढचं सुरू केलं.

घरी येऊन मी वही पक्की करायला बसलो. आता, ज्यांनी तहसिलीत काम केलं नसेल त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडं रकाना मोकळा ठेवणं म्हणजे पाप. मोकळ्या रकान्यात उद्या कोण काय घुसडेल सांगता येत नाही. साहेब कागद तोंडावर फेकतात. तो गोल माझ्याकडं बघत होता. मास्तरांना ही जागा कधीच पाठ नव्हती, आज आठवली नाही म्हणून गोल काढायला लावला, आता उद्या ते गेले तर ही जागा कायमची जाणार. मी ती वाचवायची ठरवली. तेवढ्यासाठी मला त्या जागेचं नक्की पाठ असलेलं एकच काहीतरी होतं. औशाचं. ते मी लिहिलं. प्रामाणिकपणा म्हणून चिरकीसुद्धा लिहिली, तार सप्तकातल्या सांवर एक नागमोडी रेघ काढून. खाली तांबड्या शाईची रेघ मारली आणि पहिल्या पानावर त्याच शाईत सूचना घातली: 'जशीच्या तशी वाजवावी. फेरफार करू नये.'

मग झेरॉक्स काढून स्वतः वाटल्या. उदगीर, औसा, नांदेड, जिथं जिथं बँड तिथं तिथं. मास्तरांना सारेगम वाचता येत नव्हतं. वही हातात घेऊन त्यांनी नुसता तिच्यावरून हात फिरवला.

त्यांच्या शेवटच्या वर्षी मी त्यांच्या उशाशी बसलेलो असताना खालून दुसऱ्याच कुठल्या बँडची वरात गेली. मास्तरांची धून. मास्तर कान देऊन ऐकत होते. मध्ये पाढा आला, चिरकी आली. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. पुढच्या रविवारी दुसरा बँड गेला. तोच पाढा, तीच चिरकी.

"सगळ्यांनी एकच रस्ता धरला का?" मास्तर म्हणाले.

"वहीबरहुकूम वाजवतात, मास्तर," मी अभिमानानं सांगितलं.

"बरं," म्हणाले आणि कूस वळवली.

त्या 'बरं'चा अर्थ मला कळला निवृत्तीनंतर, म्हणजे फार उशिरा. माझ्या मुलीनं मला मोबाइल दिला आणि मास्तरांची आठवण म्हणून मी त्यावर परदेशातलं जाझ ऐकायला लागलो. एकाच माणसाची एकच धून, दोन वेगवेगळ्या कार्यक्रमांतली. मी मुलीला म्हणालो, "बघ, एवढा मोठा वादक, पण मधलं विसरतो." ती हसून हसून खाली बसली. "अहो बाबा, ते विसरत नाहीत! ती जागा मोकळीच असते. तिथं ज्यानं त्यानं त्या वेळचं आपलं वाजवायचं असतं!"

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर अपचन झालं म्हणून सांगितलं.

आणि ह्या वर्षी मास्तरांची मुलगी माझ्या घरी आली. ताई माझ्याच वयाच्या. नांदेडला दिलेल्या, तिथंच प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. वडिलांच्या स्मृतिदिनाला नांदेडात कार्यक्रम ठरवला होता: दोन जिल्ह्यांतले चार बँड एकत्र येऊन मास्तरांच्या धुना वाजवणार. डीजेच्या गाड्यांनी बँडवाल्यांना पार कडेला सारलंय, तेव्हा चार बँड जमवणं हीच मोठी गोष्ट. वहीही छापायची होती. वहीची झेरॉक्स त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि नेमकं ते पान उघडलं.

"दादा, एक विचारायचं होतं. हसू नका. ही मधली जागा बाबा अशीच वाजवायचे का?"

मी ते पान उगाच उलटून पाहिलं.

"मला ती अशी आठवत नाही. खरं सांगायचं तर एकसारखी आठवतच नाही. बाबा सकाळी दाढी करताना हीच धून शिळेवर म्हणायचे. आज मी आठवायला गेले की एक येते, उद्या दुसरीच येते. आणि बँडवाले वाजवतात ना, तेव्हा मला त्या जागी चक्क पाढे ऐकू येतात. तीस वर्षं पहिलीला शिकवलं, त्याचा परिणाम असेल. पण माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. माणसं विसरली सगळी. माझंही तसंच सुरू झालं असेल तर... बाबांचं आवाजाखेरीज काही उरलेलं नाही माझ्याकडं. तेच जायला लागलं का, एवढं कळलं तर बरं. वही तुम्ही लिहिली, तुम्हालाच माहीत."

माझ्या एका वाक्यानं त्या बाईची झोप परत आली असती. मी म्हणालो, "वहीत आहे तसंच आहे, ताई."

त्यांनी मान हलवली. "मग माझंच चुकतंय," म्हणाल्या आणि वही पिशवीत घातली. जाताना चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.

दार लावून वळलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात.

"तुमच्या अपचनाचं कारण हेच का?"

मी दाराची कडी पुन्हा एकदा लावली.

"त्या बाई उद्या डोक्याच्या डॉक्टरकडं जातील. तुमच्या चिरकीपायी."

तालमीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड. मांडीवर माळ्यावरून काढलेली क्लॅरनेटची पेटी. ती का घेतली ते मलाच माहीत नाही. गुन्हेगार बरोबर मुद्देमाल घेतो तशी घेतली असेल. मंगल कार्यालयाच्या आवारात तीसेक वादक जमले होते, चार बँडांचे चार रंगांचे कोट. मधोमध खुर्चीवर चाचा, ऐंशीच्या घरातले, मांडीपुढं तोच ड्रम. मला बघताच म्हणाले, "आ गया चूल्हा फूँकनेवाला."

धून सुरू झाली. तीस जणांनी एका दमात माझा पाढा वाजवला आणि तीस जणांनी एका दमात चिरकी मारली. पारवे उडाले. ताई कडेला उभ्या राहून डोळे मिटून ऐकत होत्या, कपाळावर आठी. मी पुढं झालो.

"थांबवा. ताई, ह्या सोळा मात्रा मास्तरांच्या नाहीत. माझ्या आहेत."

"तुम्ही रचल्या?"

"रचल्या असं नाही म्हणता येणार. बे एके बे आहे ते." आणि औशापासून झेरॉक्सपर्यंत सगळं सांगून टाकलं. काकांचा फेटासुद्धा वगळला नाही.

मग देगलूरकडून आलेला एक ट्रम्पेटवाला म्हणाला, "आन् ती चिरकी?"

"तीही माझीच."

"आवो, सहा म्हैने गेले माजे ती चिरकी शिकण्यात!"

ताईंनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. "म्हणजे मला पाढे ऐकू यायचे ते..."

"पाढेच होते."

"आणि बाबांची ती जागा मला दरवेळी निराळी आठवते ते?"

"ते दरवेळी निराळीच वाजवायचे, ताई. तुम्हाला जेवढ्या आठवतात तेवढ्या सगळ्या खऱ्या आहेत. तुमचं काही चुकत नाही. चुकलं माझं. आणि परवा घरी तर मी धडधडीत खोटं बोललो."

त्या ओट्याच्या कडेवर बसल्या. बोटांवर मोजायला लागल्या. "दाढीची. छत्रीच्या काड्या नीट करतानाची. माझा डीएडचा निकाल लागला त्या दिवशीची. आईशी भांडण झालं की एक निराळीच असायची..." हाताची बोटं संपली तरी ओठ हलत होते. मग उठल्या, पर्समधून लाल पेन काढलं, माझ्या सोळा मात्रांवर एक मोठी फुली मारली आणि तिथं गोल काढला. तीस वर्षं वह्या तपासलेला हात होता, कागद जवळजवळ फाटला.

"आता वाजवा," म्हणाल्या.

धून सुरू झाली. गोलाई आली. सगळे थांबले, आणि थांबलेच. एवढी वर्षं वाजवणारी माणसं, पण मोकळी जागा त्यांना कधी कुणी दिली नव्हती. मी दिली नव्हती. एकमेकांची तोंडं बघत उभे. नुसता चाचांचा ड्रम. चार मात्रा गेल्या, पाच गेल्या. मला वाटलं, पाढाच बरा होता.

आणि शीळ आली. ताई शीळ घालत होत्या. निवृत्त शिक्षिका, कॉटनची साडी, काखेत पर्स, आणि बापासारखी एका बाजूला ओढलेली जिवणी. ती चाल मी कधी ऐकलेली नव्हती. वळसे घेत कुठंतरी भलतीकडं गेली, मला वाटलं आता काही परत येत नाही, आणि सोळाव्या मात्रेला अगदी दारात येऊन उभी राहिली. चाचांच्या काड्या ड्रमवर जोरात पडल्या, बँड उसळला. तो ट्रम्पेटवाला तर वाजवता वाजवता रडत होता, म्हणून बेसूर.

दुसरं आवर्तन आलं. गोलाईच्या तोंडाशी ताईंनी हात वर केला. मास्तर सॅक्सोफोन वळवायचे तसं लाल पेन फिरवलं, एकदा ह्या बँडावरून, एकदा त्या, आणि आणून रोखलं ते माझ्यावर.

पेटी कधी उघडली, क्लॅरनेट हातात कधी आलं कळलं नाही. पत्ती कोरडी, बोटं ताठ. चाचांचा ड्रम चालू. मी डोळे मिटले. म्हटलं, आता चाळीस वर्षांचं सगळं वाजव. मुरुड वाजव, तहसील वाजव, मास्तरांची वळलेली कूस वाजव. श्वास घेतला, फुंकलं, आणि बाहेर आलं ते बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. चिरकीसकट.

चाचांनी ड्रमवर काड्या आडव्या ठेवल्या. सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "चालीस साल हो गए रे, अब्बी तक तू बे पंचे दहा को बी नई पहुँचा!"